कवळीमावशींचा पॉवर सप्लाय

कवळीमावशींच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्या आधी ती तळहातावर जोखणार. भाजीवाल्याने दिलेला कोबी असो, नवऱ्याने आणलेलं कुलूप असो, नाहीतर लेकीने पाठवलेला मोबाइल. हात जरा वरखाली व्हायचा, मान एका बाजूला कलायची आणि निकाल लागायचा. "पोकळ आहे," किंवा "बरा आहे." या निकालावर अपील नाही. निदान त्यांच्या घरात तरी ते करायची कुणाची छाती झालेली नव्हती.

ही खोड धंद्याने लावलेली. मावशी दातांच्या कवळ्या बनवायच्या. दवाखान्यातून जबड्याचं माप यायचं. त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, त्यावर मेणाची हिरडी उभी करायची, हिरडीत एकेक दात रोवायचा, वरचा आणि खालचा चावा जुळवायचा, आणि मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक दाबून पक्कं करायचं. तयार कवळी तळहातावर आली की एखादी बाजू जड लागायची, म्हणजे तिथे जास्तीचा थर राहिलाय. हलकी लागली तर आत हवेचा बुडबुडा. घासून पाहावं तर नेमकं तेच निघायचं. इतक्या वर्षांत हाताने कधी दगा दिला नव्हता, म्हणून मावशी त्याच्यावर डोळे मिटून विसंबायच्या.

आणि सगळं घरच त्या हातावर विसंबून होतं. यजमान बसचे कंडक्टर. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ते मुदतीआधीच घरी बसले. तेव्हापासून स्वयंपाक त्यांचा, कमाई मावशींची आणि टोमणे दोघांचे सारखे. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात. स्वयंपाकघरामागच्या लहानशा खोलीत प्लास्टरची पोती, स्पिरिटचा दिवा, पॉलिशची मोटर आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. नवा पाहुणा चुकून त्या खोलीत शिरला तर दचकायचाच. यजमान त्याला म्हणायचे, "घाबरू नका, ही मंडळी नुसती हसतात. बोलायचं काम एकटी आमची ही करते."

मावशींचं जवळजवळ सगळं काम एकाच दवाखान्यातून यायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी त्यांना बोलावून घेतलं आणि टूथब्रशएवढा एक कॅमेरा दाखवला. तो तोंडात फिरवला की पेशंटचा जबडा पडद्यावर उमटायचा. माप नको, प्लास्टर नको.

"आता तुमच्याकडे जबडा येणार नाही, फाइल येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात कॉम्प्युटरवरच बसवायचे आणि फाइल परत पाठवायची. कवळी छापायचं मशीन इथे घेतलंय मी."

"शिकतेय मी मॅडम," मावशी म्हणाल्या. ते खरंच होतं. कॅमेरा येणार अशी कुणकुण लागली तेव्हापासून लेक फोनवरून शिकवत होती आणि मावशींना पडद्यावर एखादी सुटी दाढ घडवता यायला लागली होती.

"माहीत आहे. पण एक दाढ आणि अख्खी कवळी यात फरक आहे. बाहेरगावची मोठी लॅब तयार आहे, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. तुम्ही जुन्या, म्हणून एक फाइल तुम्हाला देते. एका आजोबांची खालची कवळी आहे. सोमवारपर्यंत झाली तर काम तुमचं. नाही झाली, तर मात्र राग धरू नका मावशी, मला दवाखाना चालवायचाय."

म्हणजे सोमवारी कवळी गेली तर घर चाललं, आणि नाही गेली तर यजमानांच्या अर्ध्या पेन्शनवर दोघांनी काय खायचं याचा विचार करायचा. हे मावशींनी घरी येऊन एका वाक्यात सांगितलं. यजमानांच्या हातातलं लाटणं थांबलं.

"आणि नाही जमलं तर?"

"न जमायला काय झालं? मी आहे ना बसलेली," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसल्या.

कॉम्प्युटर लेकीच्या कॉलेजच्या दिवसांतला. प्लास्टरची धूळ लागू नये म्हणून तो पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी, जुन्या चादरीखाली नांदत होता. मावशींनी आजोबांची फाइल उघडली. बराच वेळ नुसतं चक्र फिरलं. मग जबडा आला. मावशींनी तो डावीकडून पाहायला माउस ओढला, तर जबडा जागेवर ढिम्म. पुन्हा ओढला. मग एकदम तो असा गरकन फिरला की आजोबांची हनुवटी छताकडे गेली आणि पडदा गोठला.

यजमान मागून म्हणाले, "म्हाताऱ्याची मान मोडलीस की."

मावशींनी लेकीला फोन लावला. लेकीने चारच प्रश्न विचारले आणि सांगितलं, "आई, प्रोसेसर चालेल. तुला ग्राफिक्स कार्ड पाहिजे. चित्र फिरवायचं काम ते करतं. नवा कॉम्प्युटर घ्यायची आत्ता ऐपत नाही आपली, पण कार्ड जुन्या बाजारात मिळेल. फक्त एक लक्षात ठेव. कार्डाच्या आधी पॉवर सप्लाय बघ. तो जो डबा सगळ्यांना वीज वाटतो ना, तो चांगला घे. त्याच्या लेबलवर बारा व्होल्टच्या ओळीत काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

"बरं बरं," मावशी म्हणाल्या. आईने लेकीला 'बरं बरं' म्हटलं की ते कानावरून गेलं असं समजायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कॉम्प्युटरच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकान एका जिन्याखाली. मालकाला सगळे खटकाशेठ म्हणायचे, कारण त्याचं बोलणं दिव्याच्या खटक्यासारखं, एकतर चालू नाहीतर बंद. मधलं काही नाही. तो समोरच्या टेबलावर एक उघडा कॉम्प्युटर मांडून पंख्यातली धूळ ब्रशने काढत होता.

मावशींनी काम सांगितलं. खटकाशेठने तीन कार्डं काढली. एकाला तीन पंखे आणि इंद्रधनुष्यासारखे दिवे. दुसरं मधलं, दोन पंख्यांचं, वापरलेलं पण निगुतीने ठेवलेलं. तिसरं अगदीच चिमुकलं, एका पंख्याचं.

"दिवेवालं खेळणाऱ्या पोरांसाठी," मावशी स्वतःच म्हणाल्या. "आणि हे लहान बघून तर कीवच येते."

"लहानही तुमचं काम करेल. सावकाश करेल," खटकाशेठ म्हणाला.

"मला सावकाश नकोय, मला सोमवारी पाहिजे." मावशींनी मधलं उचललं, जोखलं. भरीव होतं. "हे द्या."

"याला सप्लायमधून वेगळी वायर लागते. तुमच्या सप्लायला ती आहे का?"

नव्हती. लेकीने आधी सप्लाय बघ म्हणून बजावलं होतं आणि मावशींनी आधी कळस निवडला, मग पायाकडे वळल्या. खटकाशेठने दोन डबे पुढे केले. एक करडा, साधा, नाव ऐकलेलं, वर साडेचारशे वॅट लिहिलेलं आणि पाच वर्षांची हमी. दुसरा काळा चकचकीत, सोनेरी अक्षरांत साडेसहाशे वॅट, नाव कधी न ऐकलेलं. आणि गंमत म्हणजे दुसरा पहिल्यापेक्षा बराच स्वस्त.

मावशींनी एका हातावर करडा घेतला, दुसऱ्यावर काळा. काळ्याने हात खालीच ओढला.

"यात जीव आहे," मावशी म्हणाल्या. "तांबं भरपूर घातलंय आत."

"मावशी, वजनावर जाऊ नका."

"का? करडा फसफसलेल्या पावासारखा लागतोय हाताला."

"तुमची मर्जी. मी दोन्ही विकतो. पण काळा गेला की परत घेत नाही, आधीच सांगतो."

एवढं ऐकल्यावर एखादा थबकला असता. पण मावशींचा हात बोलून चुकला होता आणि त्यावर अपील नव्हतं. शिवाय दोन्हींतला स्वस्त तो, म्हणजे दुधात साखर. त्या दोन्ही पिशव्या मिरवत घरी आल्या.

जोडायचं काम त्यांनी स्वतः केलं. लेक फोनच्या पडद्यावरून बघत होती. नखाएवढे दात मेणात रोवणाऱ्या बाईला चार स्क्रू आणि आठ वायरी म्हणजे काय! कार्ड खटकन बसलं. लेकीने विचारलं, "आई, सप्लायचं लेबल दाखव ना जरा."

"बसवून झाला आता, लेबल खाली गेलं. चांगला वजनदार आहे, तू काळजी करू नकोस."

"वजनदार?" लेकीचा आवाज चढला, पण मावशींनी फोन यजमानांच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. आजोबांची फाइल उघडली. मावशींनी माउस ओढला आणि जबडा वळला. असा वळला की जणू मावशींनीच तो बोटांत धरून फिरवला. डावीकडून, उजवीकडून, खालून, आतून. हिरडीवरची बारीक सुरकुतीसुद्धा दिसत होती. मावशी हसल्या. यजमानांनी टाळी वाजवली आणि जुन्या सवयीने ओरडले, "चला, डबल बेल!"

मावशी कामाला लागल्या. पुढचे दात बसवले, सुळे बसवले, दाढा कलत्या केल्या. मेणात करायच्या तेच इथे. फक्त मेणाला वास असतो आणि याला नाही. जेवायलाही उठल्या नाहीत. यजमानांनी ताट तिथेच आणून ठेवलं. दुपार कलली तेव्हा सगळे दात जागेवर होते आणि आता चावा तपासायचा होता, म्हणजे वरचा जबडा खालच्यावर टेकवून कुठला दात आधी लागतो ते कॉम्प्युटरला काढायला सांगायचं. हे त्याचं सगळ्यांत जड काम. मावशींनी बटण दाबलं. पंखे घोंघावले.

आणि फट्. पडदा काळा. पंखे गप्प.

वीज गेली असेल म्हणून दोघांनी वर पाहिलं, तर छताचा पंखा मजेत फिरत होता. मावशींनी कॉम्प्युटर परत लावला. फाइल उघडली. जबडा होता, दात नव्हते. एकही नाही. मावशींना मधूनमधून काम साठवायची सवय कुठली असणार? मेणात रोवलेला दात उठून जात नाही, तो आपला जिथे असतो तिथेच असतो. दिवसभराचे दात हवेत विरले आणि समोर आजोबांचं बोळकं उरलं.

मावशींनी उठून तोंड धुतलं आणि पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली. या खेपेला दर दाताला काम साठवलं. चाव्याचं बटण दाबलं, फट्. परत लावला, परत दाबलं, फट्. घरात पहिल्यांदाच भीती आली. यजमानांनी एकही टोमणा मारला नाही, यावरून ती किती होती ते समजावं.

"कार्ड," मावशी दात-ओठ खात म्हणाल्या. "जुनं कार्ड गळ्यात मारलं त्याने. सप्लाय तर कोरा आहे."

सकाळी खटकाशेठ दुकानाचं दार वर सरकवतो न सरकवतो तोच मावशी समोर उभ्या. आवाज असा लावला की जिन्यावरून उतरणारी माणसं थांबली. फसवणूक, लबाडी, म्हाताऱ्या बाईला गंडवलं, सगळं झालं. खटकाशेठने शांतपणे कार्ड घेतलं, स्वतःच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावलं आणि त्याच्यावर सगळ्यांत अवघड चित्र फिरवत ठेवलं. मावशी स्टुलावर बसून बघत राहिल्या. चित्र फिरतंय, फिरतंय, थांबायचं नाव नाही. गिऱ्हाइकं आली आणि गेली. खटकाशेठने चहा मागवला, एक पेला मावशींपुढे ठेवला. चित्र आपलं फिरतंयच.

"कार्ड ठणठणीत आहे," शेवटी तो म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. डबा आणा तो."

मावशी घरी गेल्या आणि डबा घेऊन आल्या. खटकाशेठने लेबलवर बोट ठेवलं.

"हे साडेसहाशे जाहिरातीचे. खाली बारीक अक्षरांत बारा व्होल्टची ओळ आहे. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिच्यावर जगतात. ॲम्पिअर किती लिहिलेत?"

मावशींनी चष्मा सारखा केला. "चौदा."

"बाराने गुणा."

"एकशे अडुसष्ट." मावशी थांबल्या. "मग साडेसहाशे कुठे आहेत?"

"डब्यावर आहेत ना, सोनेरी अक्षरांत. तुमचं कार्ड आणि प्रोसेसर जोर लावून पळाले की दोनशेच्या वर मागतात. हा बिचारा मान टाकतो."

"पण एवढा जड आहे!"

खटकाशेठने स्क्रू काढले. "आत बोट घालू नका, वायर काढली तरी करंट साठून राहतो," म्हणत त्याने झाकण उचललं. मावशी वाकल्या. तांब्याचं एक लहानसं वेटोळं, बोटभर पट्टी, बाकी मोकळं मैदान. आणि तळाला दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेला, कशालाही न जोडलेला लोखंडाचा जाड तुकडा.

"हा कशासाठी?" मावशींनी विचारलं, पण विचारता विचारताच त्यांना कळलं होतं.

"तुमच्यासाठीच," खटकाशेठ म्हणाला. "हातावर जोखून घेणारं गिऱ्हाईक असतं. बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं."

मावशींना त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पैसे गेले त्याचं दुःख वेगळं. पण आयुष्यभर ज्या हाताच्या शब्दावर घर चाललं, त्या हाताला कुणीतरी कुठल्याशा कारखान्यात बसून ओळखलं होतं आणि त्याच्यासाठी मापाने लोखंड कापलं होतं. मावशी चिडल्या. हातावर चिडल्या, स्वतःवर चिडल्या आणि मग उरलेला राग खटकाशेठवर काढला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काहीतरी भानगड असणार हे माहीत होतं."

"मग विकता कशाला?"

"सांगितलं की नाही वजनावर जाऊ नका म्हणून? ऐकलंत?" तो जरा थांबला. "खरं सांगू का मावशी, करडा दाखवला की लोक किंमत ऐकून पुढच्या दुकानात जातात. काळा तिथेही आहेच. मग मी काय करू?"

मावशींना यावर बोलायला खूप होतं. पण सोमवार तोंडावर आला होता, आणि भांडण काय, मागाहूनही करता येतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"बरं. आता मला शिकवा. कोण किती खातो?"

मग दोघं बसले. प्रोसेसर एवढा खातो, कार्ड एवढं, डिस्क आणि पंखे किरकोळ. बेरीज करायची आणि वर चांगली ऐसपैस जागा सोडायची, कारण यंत्रही माणसासारखंच, रोज ऊर फुटेस्तोवर धावलं तर लवकर मरतं. हे मावशींना चटकन समजलं. कवळीतसुद्धा लोक समोरचे दात बघतात, पण घास दळायचं ओझं मागच्या दाढा वाहतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात एवढं आपल्याला कळत होतं, मग डब्याचे का नाही कळले, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

करड्या डब्याच्या ओळीत छत्तीस लिहिलं होतं. मावशींनी तो हातात घेतला नाही. टेबलावरच ठेवून गुणाकार केला. चारशे बत्तीस. वर लिहिलेल्या साडेचारशेच्या जवळ. हा डबा खरं बोलत होता.

अडचण अशी की तो घ्यायला पैसे उरले नव्हते. दात रंगवायच्या पावडरीची मागची उधारी, घरभाडं, यजमानांच्या गोळ्या, सगळं वजा जाता पर्स कोरडी. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, मावशींकडे आता दात होते आणि चणे नव्हते. खटकाशेठ म्हणाला, पुढच्या महिन्यात घ्या. पुढच्या महिन्यात आजोबांची कवळी बाहेरगावच्या लॅबमधून आली असती आणि मावशींची फळी रिकामी झाली असती.

मावशींनी मधल्या कार्डाकडे पाहिलं. जबडा कसा झुळझुळ फिरला होता ते आठवलं. मग त्यांनी ते टेबलावरून खटकाशेठकडे सरकवलं.

"हे परत घ्या. ते चिमुकलं द्या, आणि फरकात हा करडा बसवा. घरचा जुना डबा दमलाय, त्याच्यावर आता विसंबत नाही मी."

"विकलेला माल..."

"काळा परत घेत नाही म्हणालात. कार्डाबद्दल काही बोलला नव्हतात. आणि हे ठणठणीत आहे, तुम्हीच आत्ता सगळ्या जिन्यासमोर सांगितलंत."

खटकाशेठने डोकं खाजवलं. जिन्यावर दोन माणसं अजून उभी होती. "लहान कार्ड सावकाश आहे बरं का. मागाहून म्हणाल."

"त्याला वेगळी वायर लागत नाही ना? बोर्डाकडून मिळणाऱ्या विजेवरच जगतं ना?"

"हो."

"आणि दात बसवायच्या प्रोग्रॅमच्या कंपनीने लिहिलंय तेवढी मेमरी त्यात आहे ना?" मावशींनी मोबाइलवर लेकीने पाठवलेलं पान पुढे धरलं.

खटकाशेठने वाचलं. "काठावर आहे. पण आहे."

"काठावर तर काठावर. सावकाश चालणारं मला चालेल. मधेच पडणारं नको."

घरी आल्यावर मावशींनी पहिला फोन लेकीला लावला आणि काहीही न लपवता लोखंडापासून सगळं सांगितलं. लेक रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "आई, आता लेबल वाच." मावशींनी बारा व्होल्टची ओळ मोठ्याने वाचली. पलीकडे बाराने गुणल्याची पुटपुट ऐकू आली, मग, "हं. लाव आता."

लहान कार्डावर जबडा झुळझुळ फिरत नव्हता. वळवला की जरा विचार करायचा आणि मग वळायचा. यजमान म्हणाले, "माझ्या गुडघ्यांसारखा आहे. कुरकुरतो, पण पोचतो." मावशींनी त्याच्या चालीने चालायला स्वतःला शिकवलं. माउस हळू ओढायचा. दिसेपर्यंत थांबायचं. मग दात बसवायचा. साठवायचा. शेजारीण येऊन बोलावून गेली, त्या उठल्या नाहीत. भाचीचा फोन आला, तो यजमानांनी घेतला. डोळे लाल झाले तेव्हा ओला रुमाल ठेवून पाच मिनिटं टेकल्या आणि पुन्हा बसल्या. दाढा आल्या. चाव्याचं बटण आलं.

दाबायच्या आधी मावशींनी यजमानांकडे पाहिलं. ते येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बटण दाबलं. पंखे घोंघावले. बराच वेळ चक्र फिरलं, इतका की यजमानांनी "अगं..." म्हणून तोंड उघडलं. आणि मग दाढांवर लाल, पिवळे, हिरवे ठिपके उमटले. कुठला दात आधी लागतो, कुठला नंतर. कॉम्प्युटर चालूच राहिला होता.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी फाइल गेली. नमुना छापून आजोबांच्या तोंडात बसवून बघू आणि कळवू, असा दोन ओळींचा निरोप आला. मग काहीच नाही. मावशींनी खोली झाडली. झाडलेली खोली पुन्हा झाडली. दिवस गेला. रात्री यजमान म्हणाले, "न्यायचंच असेल काम तर नेऊ देत. आपण शिवणाचं काहीतरी बघू." मावशींनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला.

फोन मंगळवारी वाजला. डॉक्टरीणबाई नेहमीसारख्या घाईत होत्या, मागे कुठेतरी मशीन गुरगुरत होतं.

"मावशी, डावीकडची शेवटची दाढ उंच झालीये. आजोबांना चावताना आधी तीच लागते. आणि पुढची कड जाड आहे, ओठ फुगतोय. दोन्ही कमी करा."

"हो मॅडम."

"कधी देता? मला चारला छापायला लावायचंय."

"त्याच्या आधी देते."

"बरं. आणखी दोन फाइली पाठवल्यात, त्या बघून ठेवा." फोन ठेवला गेला.

स्वयंपाकघराच्या दारात यजमान डाव घेऊन उभे होते. डावावरून आमटी जमिनीवर ठिबकत होती आणि त्यांचं लक्ष नव्हतं. मावशींच्या गालांवरून पाणी ओघळताना पाहून त्यांचा चेहरा पडला.

"गेलं का काम?"

"दाढ उंच झालीये म्हणाल्या. कड जाड आहे म्हणाल्या."

"अगं, मग लॅबकडे पाठवतील आता ते."

"नाही हो," मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आणि पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. "चूक झाली तर लॅबला नाही केला त्यांनी फोन. मला केला."

यजमान उभेच राहिले. मावशींनी खुर्ची पुढे ओढली, फाइल उघडली, माउस हळू ओढला, आणि जबडा डावीकडे वळण्याची वाट पाहत बसल्या.